बिझनेसचं दुसरं वर्ष चालू आहे, विद्यापीठ बदलावं का?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी अमेरिकेत बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ३० क्रेडिट (कोर्सच्या अभ्यासाचं माप) झाली आहेत. या सेमिस्टरची १५ आणि पुढच्याची १५ धरली तर वर्ष संपताना ६० होतील. जीपीए, म्हणजे चारपैकी गुणांची सरासरी, ३.६ आहे. इथे फायनान्सचं वेगळं मेजर (मुख्य विषय) नाही. जनरल बिझनेसमध्येच फायनान्सचे तीन कोर्स आहेत आणि तेही एक वर्षाआड चालतात. मला फायनान्सच करायचं आहे हे आता पक्कं झालंय. पहिल्या वर्षी प्रवेश घेताना तेवढं कळत नव्हतं.

तिसऱ्या वर्षाला दुसरीकडे जायचा विचार आहे. उशीर झालाय का? क्रेडिट किती वाया जातात? आणि ट्रान्सफर केलेल्या मुलांकडे कंपन्या वेगळ्या नजरेने बघतात का? घरी अजून सांगितलेलं नाही, आधी स्वतःला नीट समजून घ्यायचं आहे.

पायवाट

व्हिसा कोणता? एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) असेल तर आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतील.

कोरीपाटी

हो, एफ-१.

ताळेबंद

कोरीपाटी, मी हेच केलं होतं, तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच. निर्णय चुकला असं म्हणणार नाही. पण मला एक सेमिस्टर जास्त लागलं आणि ते टाळता आलं असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी ५८ क्रेडिट होती. प्रवेश मिळाल्यावर कळवलं गेलं की त्यातली ५५ स्वीकारली आहेत. तीनच गेली म्हणून मी खूश होतो. ऑगस्टमध्ये अ‍ॅडव्हायझरसमोर बसलो तेव्हा तिने एक कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला. डावीकडे माझे जुने कोर्स, मधे क्रेडिट, आणि उजव्या रकान्यात तो कोर्स इथे कशाच्या जागी धरला ते. बिझनेस लॉ, मार्केटिंग, मॅनेजरियल अकाउंटिंग, तिन्हींसमोर एकच शब्द होता: इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक. खाली आणखी तीन कोर्स तसेच. सहा कोर्स म्हणजे १८ क्रेडिट, आणि माझ्या डिग्रीत इलेक्टिव्हला जागा होती फक्त सहा क्रेडिटची. उरलेली बारा ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) दिसत होती, डिग्रीला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता.

क्रेडिट घेतलं जाणं वेगळं आणि ते कामी येणं वेगळं. या धाग्यातून एवढंच नेलंस तरी पुरे. कुणी "आम्ही तुमची क्रेडिट घेतो" म्हणालं की लगेच विचारायचं, कशाच्या जागी घेता?

बिझनेसमध्ये हे जास्त बोचतं, कारण इथले कोर्स साखळीसारखे एकमेकांत अडकलेले असतात. फायनान्शियल अकाउंटिंग झालं की मॅनेजरियल. अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स, मायक्रो इकॉनॉमिक्स झालं की कॉर्पोरेट फायनान्स. ते झाल्यावर इन्व्हेस्टमेंट्स, डेरिव्हेटिव्ह्ज वगैरे. सगळ्यांत शेवटी स्ट्रॅटेजीचा कोर्स, आणि तो बाकीचा गाभा, म्हणजे सक्तीचे कोर्स, पूर्ण झाल्याशिवाय सहसा घेऊच देत नाहीत. माझ्या इथे कॉर्पोरेट फायनान्सला दोन्ही अकाउंटिंग लागत होती. मॅनेजरियल अडकलं म्हणून पहिल्या सेमिस्टरला कॉर्पोरेट फायनान्स नाही, ते नाही म्हणून दुसऱ्याला इन्व्हेस्टमेंट्स नाही. एक तीन क्रेडिटचा कोर्स अडकला आणि मागची सगळी रांग थांबली. इतिहास किंवा साहित्याच्या विद्यार्थ्याला हे इतकं जाचत नाही, त्याला बरेचसे कोर्स पुढेमागे करता येतात.

हे माझ्यापुरतं नाही. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसचा २०१७ चा अहवाल आहे. २००४ ते २००९ या काळात ट्रान्सफर झालेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट बुडाली असा त्यांचा अंदाज होता. एका सरकारी संस्थेतून दुसऱ्या सरकारी संस्थेत गेलेल्यांचं नुकसान त्याहून कमी, सुमारे ३७ टक्के. तुझं इतकं बुडेल असं नाही. पण अर्ज करण्याआधी हिशोब मांडायला घे.

उंबरठा

मी काही वर्षं एका विद्यापीठात ट्रान्सफर क्रेडिट तपासण्याच्या कामात होते. ताळेबंद यांनी लिहिलेला तो उजवा रकाना भरणाऱ्यांपैकी एक. तेव्हा पलीकडच्या बाजूने सांगते.

पहिली फेरी ऑफिसात होते. तिथला माणूस कोर्सचं नाव, क्रमांक, क्रेडिट आणि कॅटलॉगमधलं चार ओळींचं वर्णन बघतो, बस. या विद्यापीठातून आधी कुणी आलं असेल तर जुनी नोंद सापडते आणि काम पटकन होतं. नसेल तर जे स्पष्ट जुळत नाही ते इलेक्टिव्हमध्ये जातं. यात दुष्टावा नसतो. माहिती नसते आणि वेळही नसतो. म्हणून पहिला निकाल हा शेवटचा निकाल समजू नकोस. विभागाकडे फेरविचार मागता येतो, आणि तो मागणारी मुलं फार थोडी असतात.

एक मुलगा आठवतो. त्याचं स्टॅटिस्टिक्स दोनदा नाकारलं गेलं होतं, कारण आमच्या कोर्सात रिग्रेशन होतं आणि त्याच्या कॅटलॉगच्या वर्णनात तो शब्दच नव्हता. तिसऱ्यांदा तो आठवडेवार सिलॅबस घेऊन आला, सोबत स्वतः सोडवलेली असाइनमेंट. प्राध्यापकांनी सिलॅबसवर बोट ठेवून एकेक ओळ खाली वाचत नेली. बाराव्या आठवड्यावर बोट थांबलं, "सिंपल अँड मल्टिपल रिग्रेशन". असाइनमेंट उलटून पाहिली आणि तिथल्या तिथे सही केली. दहा मिनिटंही लागली नाहीत. तो कागद जवळ नसता तर तो मुलगा तेच स्टॅटिस्टिक्स पुन्हा शिकला असता, फी भरून.

तेव्हा प्रत्येक कोर्सचा आठवडेवार सिलॅबस आजपासून जपून ठेव. सेमिस्टर संपलं की कोर्सचं ऑनलाइन पान बंद होतं आणि मग प्राध्यापकांच्या मागे लागावं लागतं.

आता पातळीची अडचण. बिझनेस लॉ, मार्केटिंग, मॅनेजमेंट हे कोर्स काही ठिकाणी दुसऱ्या वर्षाला शिकवतात, काही ठिकाणी तिसऱ्या. तू दुसऱ्या वर्षाच्या क्रमांकाने केलास आणि नवीन ठिकाणी तो तिसऱ्या वर्षाचा असला तर पुस्तक तेच असूनही बरोबरी देत नाहीत, म्हणजे आपल्या कोर्सच्या जागी धरत नाहीत. ताळेबंद यांच्या मार्केटिंगचं बहुधा हेच झालं असावं. म्हणून पुढच्या सेमिस्टरला असे कोर्स घेऊ नकोस. फायनान्शियल अकाउंटिंग, मॅनेजरियल अकाउंटिंग, मायक्रो, मॅक्रो, स्टॅटिस्टिक्स, कॅल्क्युलस यांवर भर दे. पहिल्या दोन वर्षांत हे जवळजवळ सगळीकडे लागतात, त्यामुळे यांची बरोबरी सहज मिळते. कॅल्क्युलसकडे विशेष लक्ष दे. काही बिझनेस स्कूल बिझनेस कॅल्क्युलस चालवून घेतात, काहींना गणित विभागाचंच हवं असतं.

मान्यताही बघ. बिझनेस स्कूलच्या मान्यतेत एएसीएसबी या संस्थेचं नाव सर्वांत जुनं, १९१६ पासूनचं. तुझ्या आत्ताच्या स्कूलला ती असेल तर बरंचसं सोपं. नसेल तर काही स्कूल वरच्या वर्षांचे बिझनेसचे कोर्स सरळ घेत नाहीत, परीक्षा देऊन दाखव म्हणतात.

आणि डिग्री देण्यासाठी ठरावीक क्रेडिट त्याच विद्यापीठात करावी लागतात. बऱ्याच ठिकाणी हा आकडा ३० आहे. बिझनेसच्या कोर्ससाठी आणखी वेगळी अट असू शकते. १२० ची डिग्री आणि तुझी ६० म्हणजे तिथे तू अडकणार नाहीस.

आडवळण

उंबरठा, खूप उपयोगी लिहिलंत. एक भर घालतो: सेमिस्टरमधून क्वार्टरमध्ये (तिमाही सत्रांत) किंवा उलट जाताना आकड्यांत फसगत होते. क्वार्टरचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचं दोन तृतीयांश. माझा चार क्रेडिटचा अकाउंटिंग कोर्स नवीन ठिकाणी २.६७ झाला आणि तिथे हवी होती ३. विभागाने शेवटी चालवून घेतलं, पण तीन पत्रं लिहावी लागली.

घरटं

युरोपातलं थोडं सांगते, कुणाला उपयोग झाला तर. आमच्याकडे ईसीटीएस पद्धत आहे. पूर्ण वर्षाची ६० क्रेडिट, बॅचलरची १८० किंवा २४०, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला. कागदावर सगळीकडे एकच माप. १९९७ च्या लिस्बन करारानुसार दुसऱ्या देशात केलेला अभ्यास नाकारायचा तर दोन्हींत ठोस फरक आहे हे नाकारणाऱ्या संस्थेने दाखवून द्यायचं असतं. ही फार चांगली तरतूद आहे, विद्यार्थ्यांना माहीत असायला हवी.

पण माप एक असलं म्हणून कोर्स एक होत नाही. माझ्या मैत्रिणीची ६० क्रेडिट मोजली गेली, तरी नव्या ठिकाणी तिला पहिल्या वर्षाचं गणित करावंच लागलं. ताळेबंद म्हणतात ते इथेही लागू आहे.

पायवाट

एफ-१ बद्दल. नवीन प्रवेश मिळाला की जुन्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला सांगून सेव्हिस या सरकारी विद्यार्थी-नोंदणीतली तुझी नोंद नवीन ठिकाणी सोडायला सांगायची. ती कोणत्या तारखेला सोडायची हे आधी बोलून ठरव. त्या तारखेनंतर तुझ्या नोंदीवर जुन्या विद्यापीठाचा ताबा राहत नाही, आणि तिथली कॅम्पसवरची नोकरी चालू असेल तर ती थांबवावी लागते. नवीन ठिकाणचा अभ्यासक्रम पाच महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवा. नवीन आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला दाखला) वरची सुरुवातीची तारीख आल्यापासून १५ दिवसांत तिथल्या डीएसओकडे (परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे) नोंद करायची. मधल्या सुट्टीत घरी जाणार असशील तर परतताना नवीन विद्यापीठाचा आय-२० हातात हवा.

जुन्या विद्यापीठाची काही थकबाकी असेल, ग्रंथालयाचा दंड जरी असला, तरी तो आधी भरून टाक. ट्रान्सक्रिप्ट त्यावर अडकू शकतं.

दूरदिवा

कंपन्यांचं मी सांगतो, मुलाखती घेणाऱ्यांत असतो म्हणून. ट्रान्सफर केलं म्हणून कुणी नाक मुरडत नाही. "फायनान्सचे कोर्स नव्हते, म्हणून बदललं" हे एका वाक्यातलं उत्तर पुरतं. अडचण वेळेची आहे.

इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचं असेल तर तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची भरती दुसऱ्या वर्षातच होते, वर्षभराहून आधी. म्हणजे तू नवीन विद्यापीठात पाय ठेवशील तेव्हा मोठ्या बँकांच्या जागा भरून गेलेल्या असतील. मी हे घाबरवायला सांगत नाही. अर्ज आत्ताच्या विद्यापीठातून, आत्ताच करायचे. नवीन नाव रिझ्युमेवर येण्याची वाट बघू नकोस. कॉर्पोरेट फायनान्स, अकाउंटिंग फर्म, मध्यम आकाराच्या कंपन्या यांची भरती बरीच नंतर होते, तिथे तुला वेळ आहे.

जीपीएचंही लक्षात घे. बहुतेक ठिकाणी क्रेडिट येतात, जीपीए येत नाही, तो नव्याने सुरू होतो. पहिल्या सेमिस्टरला अवघड कोर्स एकदम घेतलेस आणि घसरलीस तर मुलाखतीच्या वेळी दाखवायला तोच एक आकडा असेल. पुढे मास्टर्सला मात्र दोन्ही ट्रान्सक्रिप्ट मागतात, जुना ३.६ तिथे दिसेलच.

निळीशाई

मी दुसरी बाजू मांडते. मलाही बदलायचं होतं, मी राहिले. इकॉनॉमिक्सचं मायनर (दुय्यम विषय) घेतलं, एक सेमिस्टर एक्स्चेंजवर जाऊन फायनान्सचे तीन कोर्स केले. त्यांची बरोबरी जाण्याआधीच लेखी घेतली होती, त्यामुळे एकही क्रेडिट बुडालं नाही. मेजरच्या नावात फायनान्स नाही, काम मात्र तेच करते.

शिष्यवृत्ती आहे का तुला? गुणांवर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी येणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात. ट्रान्सफरवाल्यांच्या वाट्याला फार कमी येतं. एक सेमिस्टर वाढलं आणि शिष्यवृत्तीही गेली तर दोन्हीकडून मार बसतो.

आणि एक विचारू? फायनान्स हेच एकमेव कारण आहे ना?

कोरीपाटी

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खरंच काय बोलावं कळत नाही. दोनदा वाचून काढलं.

निळीशाई ताई, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. एकमेव नाही. पहिल्या वर्षी आम्ही चौघी एकत्र राहत होतो, ते सगळं विस्कटलं. आता रात्री जेवायला एकटीच असते. कुठेतरी असंही वाटतं की नवीन जागी सगळं नव्याने सुरू होईल. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे.

शिष्यवृत्ती आहे, छोटी. ती जाईल.

उंबरठा

लिहिलंस ते बरं केलंस. त्या टेबलाशी असताना मी कितीतरी मुलं पाहिली. तिसऱ्या वर्षाला येणाऱ्याला नवीन ठिकाणी मैत्री सोपी नसते, कारण बाकीच्यांची टोळकी पहिल्या वर्षीच जमलेली असतात. ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठी वेगळं वसतिगृह किंवा वेगळा ओळखवर्ग आहे का, हे जरूर विचार. जिथे आहे तिथली मुलं लवकर रुळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फायनान्सचं कारण एकट्याने उभं राहतं का तेवढं बघ. मला वाटतं, राहतं. एक वर्षाआड चालणारे तीन कोर्स हे खरं कारण आहे.

आणि इथे आत्ता एकटं वाटतंय त्यासाठी पुढच्या ऑगस्टची वाट बघू नकोस. तुमच्या समुपदेशन केंद्रात जाऊन ये.

रानवाट

मधेच विचारतो, क्षमस्व. भाची भारतात बीबीए करते आहे. तिला बदलायचं असेल तर हेच लागू होतं का?

आडवळण

बरंचसं. भारतात २०२१ पासून अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. विद्यार्थ्याची क्रेडिट तिथे जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वैध राहतात. तिची क्रेडिट खात्यावर खरंच चढली आहेत का हे आधी तपासायला सांगा. शिवाय २०२४-२५ पासून बीबीए एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या) कक्षेत आलंय, तेव्हा नवीन कॉलेजला त्यांची मंजुरी आहे ना ते पाहायचं. मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी लवकर अर्ज करावा. तपशिलासाठी वेगळा धागा काढा, इथे कोरीपाटीचा विषय बाजूला पडेल.

ताळेबंद

कोरीपाटी, एक राहिलं आणि ते महत्त्वाचं आहे. विद्यापीठात प्रवेश आणि बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश ही काही ठिकाणी दोन वेगळी दारं असतात. प्रवेशाच्या पत्रात "प्री-बिझनेस" असं लिहिलेलं असलं तर तू अजून बाहेरच आहेस. आत गेल्यावर पुन्हा अर्ज, पुन्हा स्पर्धा. तिसऱ्या वर्षाला येऊन तो अर्ज नाकारला गेला तर हातात काय उरतं याचा विचार कर.

प्रत्येक स्कूलची रीत वेगळी आणि ती बदलतेही. बर्कलीच्या हास स्कूलचं उदाहरण घे. तिथे पूर्वी बहुतेक मुलं तिसऱ्या वर्षालाच आत घेत, २०२४ पासून पहिल्या वर्षापासूनचा चार वर्षांचा कार्यक्रम सुरू झाला. चार वर्षांपूर्वी गेलेल्या ताई-दादांच्या सांगण्यावर विसंबू नकोस, यंदाचं पान वाच.

मी तुझ्या जागी असतो तर हे मेल आजच पाठवले असते: थेट फायनान्स मेजरला प्रवेश मिळेल का, माझा कोणता कोर्स कशाच्या जागी धरला जाईल, आणि चार सेमिस्टरमध्ये डिग्री पूर्ण होईल असं वेळापत्रक मांडून देता का. शेवटच्या प्रश्नाला जे नीट उत्तर देतील त्यांच्याकडेच अर्ज कर.

कोरीपाटी

मंडळी, अडीच महिन्यांनी परत आले. सांगितल्याशिवाय राहवेना.

तीन ठिकाणी मेल केले होते. एकाचं उत्तर आलंच नाही. दुसऱ्यांनी "प्रवेशानंतर बघू" म्हटलं, आणि खोदून विचारल्यावर कळलं की आधी प्री-बिझनेसच मिळतं. तिसऱ्या ठिकाणच्या अ‍ॅडव्हायझर बाईंनी माझे सगळे सिलॅबस मागवून घेतले आणि दोन आठवड्यांनी एक तक्ता पाठवला. उजवा रकाना आधी पाहिला! ६० पैकी ५४ क्रेडिट गाभ्यात किंवा सामान्य शिक्षणात बसतात, तीन इलेक्टिव्ह म्हणून कामी येतात, तीन जातात. सोबत चार सेमिस्टरचं वेळापत्रक दिलंय, थेट फायनान्समध्ये. ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहात एक मजला आहे, तेही विचारलं.

या सेमिस्टरला बिझनेस लॉ घेणार होते, ते सोडून गणित विभागाचं कॅल्क्युलस घेतलं. जड आहे, पण जमतंय. दूरदिवा दादा, इंटर्नशिपचे नऊ अर्ज इथूनच टाकले. दोन मुलाखती झाल्या, अजून कुठून काही कळलेलं नाही. समुपदेशन केंद्रातही जाते आहे, दर बुधवारी.

घरी सांगितलं. बाबांनी तक्ता छापून घेतला आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने खूण करत बसले. मग म्हणाले, अर्ज कर.

सिलॅबस जमवताना पहिल्या वर्षाच्या अकाउंटिंगचा सापडत नव्हता. सरांना मेल केला. अर्ध्या तासात त्यांनी पाठवला आणि खाली लिहिलं, शिफारसपत्र लागलं तर सांग. अर्जाची मुदत मार्चची आहे. विचारू का आत्ताच, की थोडं थांबू?

उंबरठा

आजच विचार. सोबत तो तक्ता आणि तुझी एक चांगली असाइनमेंट जोड, त्यांना लिहायला सोपं जाईल.